नवस नको, आभार हवेत: चॅरिटी बिबवर पहिली हाफ मॅरेथॉन

मुंबई मॅरेथॉनला चॅरिटी बिबवर, म्हणजे एखाद्या संस्थेसाठी निधी उभा करून मिळालेल्या धावपटू क्रमांकावर, धावायचं ठरवणारे साधारण दोन प्रकारचे असतात. काहींच्या घरी मोठं आजारपण येऊन गेलेलं असतं आणि ‘बाबा बरे होऊन घरी आले तर एकवीस किलोमीटर धावेन’ असं हॉस्पिटलच्या जिन्यात कधीतरी बोललं गेलेलं असतं. उरलेल्यांना साधा बिब मिळालेला नसतो.

दुसऱ्यांची मला काळजी नाही. ते मजेत धावतात, आणि त्यांच्यामुळे संस्थेला पैसे मिळायचे ते मिळतातच. काळजी वाटते ती पहिल्यांची, कारण नवस बोललेला माणूस थांबत नाही. गुडघा सुजला तरी धावतो, ताप असला तरी धावतो. आमच्या ठाण्याच्या ग्रुपमध्ये एक बँकवाले काका आहेत. वडिलांच्या बायपासनंतर त्यांनी असाच शब्द दिला होता. डिसेंबरात नडगी इतकी दुखायला लागली की जिना आडव्या पायाने उतरायचे, पण सरावाला येणं काही चुकवायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, ‘देवाशी बोललोय.’ शेवटी त्यांच्या आईंनीच सुनावलं, की देवाने तुझा बाप बरा केला, तुझा पाय मागितलेला नाही. महिनाभर विश्रांती झाली, ती शर्यत हुकली. पुढच्या वर्षी ते आरामात धावले.

म्हणून तयारीची पहिली पायरी बुटांची नाही, शब्दाची आहे. नवस बोलला असाल तर देवापुढे उभं राहून तो बदलून घ्या. ‘एकवीस किलोमीटर पूर्ण करेन’ याऐवजी ‘जमेल तेवढं धावेन आणि दर वेळी आभार मानेन’ असं सांगा. यात कमीपणा काही नाही. आपल्याकडे पूजेच्या संकल्पातसुद्धा गुरुजी ‘यथाज्ञानेन यथामिलितोपचारद्रव्यैः’ म्हणवून घेतात. जेवढं कळतं तेवढ्या ज्ञानाने, जे जमलं तेवढ्या साहित्याने. पायांनाही तीच सवलत द्या.

शर्यत आणि अंतर

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, हाफ त्याच्या निम्मी, म्हणजे २१ किलोमीटर आणि वर शंभरेक मीटर. शिवाय दहा किलोमीटर आहे आणि सहा किलोमीटरच्या आसपासची ड्रीम रन. ड्रीम रनला नऊवारीपासून बॅनरपर्यंत सगळं दिसतं, आणि तिथे धावण्यापेक्षा चालणंच जास्त होतं.

आजवर कधीच धावला नसाल आणि हातात ऑगस्ट ते जानेवारी एवढाच वेळ असेल, तर हाफ घ्या. पूर्ण मॅरेथॉनचा हट्ट पहिल्या वर्षी धरू नका. पंचवीस किलोमीटरच्या पुढे शरीर जे मागतं ते पाच महिन्यांत कमावता येत नाही, प्रार्थनेनेही नाही. गुडघे किंवा वजन यामुळे हाफही जड वाटत असेल तर दहा किलोमीटर घ्या. देणगीदाराला अंतराशी काही देणंघेणं नसतं. तो तुमच्याकडे बघून पैसे देतो.

चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घरात कोणाला लवकर हार्ट अटॅक आला असेल, तर आधी डॉक्टरकडे जा. ते ईसीजी आणि गरज वाटली तर टीएमटी, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून करतात ती हृदयाची चाचणी, सांगतील. ‘माझ्या पाठीशी देव आहे’ हे त्या चाचणीला पर्यायी उत्तर नाही.

संस्था निवडताना

२००९ पासून युनायटेड वे मुंबई ही संस्था या शर्यतीची फिलान्थ्रॉपी पार्टनर, म्हणजे देणग्यांची बाजू सांभाळणारी भागीदार, आहे. तिच्याकडे नोंदणी झालेल्या संस्थांची यादी दरवर्षी जाहीर होते. त्यातली एक निवडायची, संस्थेशी बोलायचं, ठरलेला निधी उभा करायची किंवा स्वतः भरायची तयारी दाखवायची, मग त्यांच्या कोट्यातून बिब मिळतो. रक्कम आणि अटी दर वर्षी, दर संस्थेत वेगळ्या असतात. त्यामुळे मागच्या वर्षी धावलेल्या मित्राच्या आकड्यावर विसंबू नका.

यादीत नाव आहे म्हणून डोळे मिटून पुढे जाऊ नका. फोन करा आणि विचारा: धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, नीती आयोगाच्या दर्पण या संस्थांच्या नोंदणी पोर्टलवर आहात का, देणगीदाराला करसवलतीसाठी लागणारी ८०जीची पावती देता का, आणि माझ्यामुळे आलेल्या पैशातून नेमकं काय होईल. शेवटच्या प्रश्नाला ‘समाजाचं सक्षमीकरण’ असं उत्तर आलं तर दुसरी संस्था बघा. ‘वसतिगृहातल्या मुलींचा नाश्ता’ किंवा ‘केमोसाठी गावाहून आलेल्या कुटुंबाचं महिन्याचं राहणं’ असं आलं तर तिथे थांबा. शक्य असेल तर एकदा प्रत्यक्ष जाऊन या. सतराव्या किलोमीटरला पाय उचलेनासे होतात तेव्हा वार्षिक अहवाल आठवत नाही, तिथे ताटात पोहे वाढणारा हात आठवतो.

बूट आणि बाकी सामान

थोडक्यात सांगते. बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. महागातलं महाग मॉडेल नको, दुकानात चार पावलं धावून बघितल्यावर जे विसरायला होतं ते घ्या. नवा जोड शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. पावसात भिजले तर आतला सोल काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि दोन तासांनी बदलायचे. उन्हात किंवा हिटरसमोर ठेवलेत तर डिंक सुटतो.

मोजे सुती नकोत. मांड्या, काखा आणि पुरुषांनी छातीवरही व्हॅसलिन लावायचं. हे पहिल्या लांब धावेनंतर आंघोळीचं पाणी अंगावर पडलं की आपोआप समजतं, पण आधी लावलेलं बरं.

धावायला सुरुवात

आठवड्यातून चार दिवस पुरे. मंगळवार-गुरुवार छोटी धाव, शनिवारी घरच्या घरी ताकदीचे व्यायाम, रविवारी लांब धाव. बाकी दिवस चालणं किंवा काहीच नाही.

ऑगस्टभर अर्ध्या तासापलीकडे जाऊ नका. एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, पुन्हा तेच. महिनाअखेर तीन मिनिटं धावणं आणि एक मिनिट चालणं जमायला हवं. सप्टेंबरच्या रविवारी पाच ते सात किलोमीटर, ऑक्टोबरात आठ ते अकरा, नोव्हेंबरात बारा ते पंधरा. डिसेंबरात एकदा सोळा आणि एकदा अठरा. एकवीस आधी धावून बघायची गरज नाही, उरलेले तीन गर्दी पार करून देते. दर चौथ्या रविवारी अंतर कमी करायचं, अगदी छान वाटत असलं तरी. शर्यतीआधीच्या दोन आठवड्यांत अंतर उतरवत न्यायचं: आधी बारा, मग आठ. या काळात पाय फुरफुरायला लागतात आणि ‘एकदा एकवीस करूनच बघू’ असा मोह होतो. त्या मोहाला बळी पडणारे दरवर्षी दिसतात.

ताकदीच्या व्यायामांत उठाबशा, टाचा उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं आणि प्लँक एवढं आलं. सूर्यनमस्कार घालत असाल तर ते घालाच, पण धावेआधी सावकाश सहा पुरेत. स्नायू ताणून धरण्याचे प्रकार धावून आल्यावर.

नामस्मरणाने वेग मोजायचा

नवशिक्यांची एकच मोठी अडचण असते: ते फार जोरात धावतात. घड्याळात हृदयाचे ठोके दिसत असले तरी ते आकडे बघून काय करायचं ते कळत नाही. यावर जगभरचे प्रशिक्षक सांगतात तो उपाय असा, की धावताना बोलता यायला हवं. आपल्याकडे सकाळी साडेपाचला बोलायला सोबत कोणी नसतं. तेव्हा जे पाठ आहे ते म्हणा.

लहानपणापासून तोंडात बसलेलं कुठलंही स्तोत्र, आरती, हरिनाम, कलमा, जपमाळेची प्रार्थना घ्या आणि धावता धावता पुटपुटा. मनात नको, ओठांनी. अख्खी ओळ एका दमात निघाली तर वेग बरोबर. ओळ मध्ये तुटून श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त. तुम्हाला वरच्या पट्टीत सुरात गाता येत असेल तर चालताय, थोडं धावा. हे इतकं साधं आहे की लोकांचा विश्वास बसत नाही, पण पहिल्या तीन महिन्यांत मला यापेक्षा चांगलं मोजमाप सापडलेलं नाही.

लांब धावेत ‘रामकृष्णहरी’ पावलांवर बसतं. वारीत चालणाऱ्यांना हे सांगायला नको. आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणारी वयस्क माणसं टाळाच्या ठेक्यावर पावलं टाकतात, त्यात शक्ती वाचते, कारण पाऊल लांब पडत नाही. धावतानाही तेच हवं असतं. लांब ढांग टाकून टाचेवर आदळण्यापेक्षा लहान, भरभर, शरीराखाली पडणारं पाऊल गुडघ्याला सोपं जातं. नाम जलद म्हटलं की पाऊल आपोआप लहान होतं.

माळ ओढणाऱ्यांसाठी आणखी एक सोय. आपली एक माळ किती मिनिटांची होते ते घरी बसून एकदा मोजा. मग धावणं-चालणं माळेवर बांधा: माळ धावायची, पाव माळ चालायची. हातात माळ धरू नका, घामाने निसटते. बोटांची पेरं मोजा, अंगठा सोडून एका हाताला बारा होतात.

कानात इअरफोन लावून भजन ऐकणं मात्र नको. पहाटेच्या अंधारात मागून येणारी बेस्टची बस ऐकू येणं ही जास्त गरजेची गोष्ट आहे.

आणि ज्यांचा देवावर विश्वास नाही त्यांनी हे सगळं सोडून द्यावं आणि श्वास मोजावा. कृतज्ञतेला देव लागतोच असं नाही. धावताना रोज ज्यांची कृपा होते ते रस्त्यावरच भेटतात: झाडू मारणाऱ्या सफाई कामगार बायका, सिग्नलवरचा हवालदार, पाच वाजता टपरी उघडून पाण्याची बाटली देणारा भैया. त्यांना मान हलवून नमस्कार करायची सवय लावा. दुसऱ्या आठवड्यापासून तेही ओळखायला लागतात, आणि ज्या दिवशी तुम्ही दांडी मारता त्याच्या दुसऱ्या दिवशी विचारतात.

झोपेतून उठून जमिनीवर पाय टेकवण्याआधी पृथ्वीची क्षमा मागायची पद्धत अनेक घरांत आहे. पाऊल लागणार, सहन कर, अशा अर्थाची ती प्रार्थना धावणाऱ्याला जेवढी शोभते तेवढी कोणालाच नाही. पंधरा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात डोळे उघडतात, आणि अलार्म बंद करून परत झोपणं टळतं.

सणवार आणि सराव

परदेशी आराखडे इथेच कोलमडतात. आपल्या सरावाच्या पाच-सहा महिन्यांत श्रावण, गणपती, पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी, मार्गशीर्ष आणि संक्रांत सगळं येतं. सण टाळून सराव होत नाही, सणासकट आखावा लागतो.

श्रावणात आणि एकादशीला उपास असेल त्या दिवशी छोटी, सावकाश धाव चालेल, पण निर्जळी उपासाला अजिबात धावू नका. उपास आणि लांब धाव एकाच दिवशी आले तर धाव दुसऱ्या दिवशी ढकला. साबुदाण्याची खिचडी ऊर्जेला वाईट नाही, पण दाण्याचं कूट आणि तूप पोटात असताना धावलं तर पोट धरून घरी यावं लागतं. धावून आल्यावर खा.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून धावू नका. पायाला साधी चीर असली तरी लेप्टोची, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती असते. तशा पाण्यातून चालावं लागलंच तर वाट न बघता डॉक्टरांना विचारा.

गणपतीच्या दहा दिवसांत सराव निम्म्यावर आणा आणि मनाला टोचणी लावून घेऊ नका. मोदकांबद्दल मी काहीच बोलणार नाही. विसर्जनाच्या दिवशी सात-आठ तास उभं राहणं आणि नाचणं होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी धाव नाही. त्याच सुमारास वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा असते. तिथे चढण चालत जाणाऱ्यांनी तो दिवस व्यायामाचा धरावा.

नवरात्रात अनवाणी राहण्याचं व्रत महाराष्ट्रात खूप जण पाळतात. यावर माझं मत स्पष्ट आहे. अनवाणी चाला, देवळात जा, ऑफिसला जा, पण अनवाणी धावू नका. बुटांची सवय असलेल्या पायाने एकदम डांबरावर आपटायला सुरुवात केली तर पोटरी आणि तळपायाची हाडं तक्रार करतात, आणि ती तक्रार डिसेंबरपर्यंत चालते. व्रत मोडायचं नसेल तर ते नऊ दिवस फक्त चाला आणि ताकदीचे व्यायाम करा. नऊ दिवसांत कमावलेलं काही जात नाही. सोमवारी रात्री निघून सिद्धिविनायकापर्यंत चालत जाणाऱ्यांनाही हेच लागू: ती रात्र हीच तुमची त्या आठवड्याची लांब धाव, वेगळी करू नका.

दिवाळीत फटाक्यांचा धूर पहाटे खाली बसलेला असतो. पाडवा-भाऊबीजेपर्यंत बाहेर धावण्याऐवजी घरात जिने चढा. दमा असलेल्यांनी तर नक्कीच.

वसईकडच्या आणि मुंबईतल्या ख्रिस्ती मंडळींचा प्रश्न रविवारच्या मिस्साचा असतो. शनिवारी संध्याकाळची मिस्सा चालते, शर्यतीच्या आठवड्यातही तोच मार्ग. नमाज पढणाऱ्यांसाठी सरावाला फजर, म्हणजे पहाटेच्या नमाजानंतरची वेळ उत्तम आहे, मात्र शर्यतीच्या दिवशी फजरची वेळ धावत असतानाच येते. मार्गाच्या कडेला थांबायची जागा आधी हेरून ठेवा, सोबतच्याला सांगून ठेवा, आणि ती दहा मिनिटं हिशोबात धरा.

वर्गणी मागताना

अठरा किलोमीटर धावणारी माणसं पाचशे रुपये मागताना घाम पुसतात. गणपतीची वर्गणी दारोदार मागितलेल्यांना हा संकोच नसतो, त्यांच्याकडून शिका. ते कारण सांगतात, रक्कम सुचवतात, पावती फाडतात आणि पुढच्या दाराला जातात. ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्याला पुन्हा भेटतात.

निरोप लांबलचक नको. असा काहीतरी लिहा:

‘मामा, मामी, नमस्कार. जानेवारीत मी मुंबईत २१ किलोमीटर धावणार आहे. बाबांच्या उपचारांसाठी परळला होतो तेव्हा गावाहून आलेले पेशंट आणि त्यांची माणसं फुटपाथवर झोपलेली रोज बघायचो. त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या संस्थेसाठी पैसे जमवतोय. एका कुटुंबाचा एका दिवसाचा खर्च उचललात तरी खूप झालं. पैसे माझ्याकडे नकोत, लिंकवरून थेट संस्थेकडे जातील, पावती तुम्हाला येईल. आणि एक सांगा: कोणाच्या नावाने एक किलोमीटर धावू?’

शेवटचा प्रश्न गाळू नका, तो पुढे कामाला येतो. हा निरोप एकेकाला पाठवा. फॅमिली ग्रुपवर टाकलात तर चौदा जण हात जोडल्याची खूण पाठवतील आणि पैसे कोणीच देणार नाही.

व्यवहाराच्या तीन गोष्टी. पैसे स्वतःच्या खात्यात किंवा जीपेवर घेऊ नका, एकदा घेतले की हिशोबाची शंका कायमची मागे लागते. ८०जीची वजावट जुन्या करप्रणालीत रिटर्न भरणाऱ्यांनाच मिळते आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही, हे आधीच सांगा. अमेरिकेतल्या आत्तेभावाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर तो इथल्या आपल्या खात्यातून देऊ शकतो. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती विदेशी देणगी ठरते आणि संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी असल्याशिवाय ती घेता येत नाही. मूळ भारतीय असला तरीही.

काही जण ‘नाव लिहू नको’ म्हणतात. गुप्तदान आहे, तसंच राहू द्या. सोशल मीडियावर आभाराची पोस्ट टाकताना त्यांचं नाव चुकूनही नको.

एकवीस नावं

डिसेंबरपर्यंत तुमच्याकडे नावं जमलेली असतात. कोणाची गेलेली आई, कोणाचा परीक्षेला बसणारा मुलगा, कोणी म्हणतं माझ्या शाळेतल्या बाईंसाठी धाव. त्यांची यादी करा, एक किलोमीटर एक नाव. हे भावनेपुरतं नाही. एकवीस किलोमीटर मनाला झेपत नाहीत, एक झेपतो.

नावं लावताना मार्ग डोळ्यापुढे ठेवा. हाफ मॅरेथॉन अलीकडे माहीमच्या रेतीबंदरावरून सुटते आणि सी लिंकवरून वरळी, हाजी अली, पेडर रोड, मरीन ड्राइव्ह अशी सीएसएमटीच्या बाजूला येते. मार्ग बदलू शकतो, त्या वर्षीचा नकाशा बघाच. सी लिंकवर वारा असतो, अंधार असतो, गर्दी उत्साहात असते. तिथे वेग वाढतो. म्हणून पहिल्या पाच नावांत शांत, वयस्क माणसं घाला, ज्यांची आठवण आली की पाऊल हळू पडेल. पेडर रोडचा चढ लागेपर्यंत पाय थकलेले असतात. सगळ्यात जवळची नावं तिथे. मरीन ड्राइव्ह सपाट आहे पण संपत नाही आणि तोवर ऊन वर आलेलं असतं, तिथे लहान मुलांची नावं ठेवा.

आमच्यातल्या एका ताईंनी पेनाने मनगटापासून कोपरापर्यंत नावं लिहिली होती. सी लिंक संपेपर्यंत घामाने सगळी निळी पुसट रेघ झाली. आता त्या धोब्याच्या खुणेचं पेन आणि पांढरी नाडी वापरतात. नाडीवर नावं लिहून ती टी-शर्टच्या खालच्या कडेला आतून चार टाके घालून शिवतात, म्हणजे कड उलटली की वाचता येतं आणि अंगाला घासत नाही.

शर्यतीचा आठवडा

बिब घ्यायला एक्स्पोला, म्हणजे शर्यतीआधीच्या प्रदर्शनाला, स्वतः ओळखपत्र घेऊन जावं लागतं, अलीकडे तो बीकेसीत असतो. शक्यतो पहिल्या दिवशी जा, शनिवारच्या गर्दीत तीन तास उभं राहू नका.

संक्रांत याच आठवड्यात येते. तिळगूळ घ्या, गोड बोला, पण शुक्रवार-शनिवारी गुळपोळी तुपात बुडवून खाऊ नका. वरणभात, फोडणी नसलेली खिचडी, दही ज्याला चालतं त्याला दही. नवीन काहीही नाही. रविवारी उठल्यावर केळं आणि चहा, सुटण्याआधी दोन तास. रोज चहाने पोट साफ होणाऱ्यांनी चहा टाळू नये, हे मी गांभीर्याने सांगते.

मध्य आणि पश्चिम रेल्वे धावणाऱ्यांसाठी पहाटे खास लोकल सोडतात. वेळा आदल्या काही दिवसांत जाहीर होतात. स्टेशनवर बिब लावलेली अनोळखी माणसं भेटतात, आणि तिथेच निम्मी भीती जाते.

सुरुवातीच्या रेषेवर प्रार्थना करायची असेल तर ती छोटी ठेवा. डोळे मिटून हात जोडून उभं राहायला ती जागा नाही, मागून ढकलाढकली असते. पहिले तीन किलोमीटर स्तोत्राच्या वेगाने. लोक भसाभस पुढे जातील, जाऊ द्या, त्यातले बरेच पेडर रोडला भेटतात. प्रत्येक पाण्याच्या टेबलावर दोन-तीन घोट घ्या, अख्खी बाटली नाही. घाम गाळत नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि त्याने माणूस कोसळतो, म्हणून अधूनमधून ओआरएस किंवा मीठ-साखर. पाणी देणारी शाळा-कॉलेजातली पोरं पहाटेपासून उभी असतात. त्यांना ‘थँक यू’ म्हणा, बाटली त्यांच्या पायांत फेकू नका.

छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, घाम थांबून अंगावर काटा, यातलं काहीही झालं तर त्याच जागी थांबून स्वयंसेवकाला सांगा. दुखण्याबद्दल सरावापासूनच एक खूणगाठ बांधा. सगळा पाय दुखतोय तर तो थकवा आहे, चाला, बरं वाटेल. दुखतंय ती जागा एका बोटाने दाखवता येत असेल तर ती इजा आहे, थांबा. अशा वेळी नाम घेत पुढे रेटू नका.

रेषा ओलांडल्यावर

लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. काहीतरी खा, कोरडा टी-शर्ट घाला. त्याच दिवशी देवदर्शनाला जायचं ठरवलं असेल तर पायऱ्या नसलेलं देऊळ निवडा. चढणं जमेल, उतरणं जमणार नाही. आठवडाभर धावू नका.

तीन दिवसांच्या आत प्रत्येक देणगीदाराला निरोप पाठवा. त्याच्या नावाचा किलोमीटर कुठे पडला, तिथे काय दिसलं, एकूण किती जमले, कोणाला पोचले. पावत्या आल्या नसतील तर संस्थेच्या मागे लागण्याचं काम तुमचं, त्यांचं नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर देणगीचं प्रमाणपत्र येतं, त्याची मे महिन्यात एकदा आठवण करा. रक्कम ठरल्यापेक्षा कमी भरली असेल तर संस्थेला विचारा, निधी गोळा करण्याचं पान बहुधा शर्यतीनंतरही काही दिवस उघडं असतं. मेडल गळ्यात असलेला फोटो जोडून ‘नंतर देतो’ म्हणालेल्यांना तेव्हा पुन्हा विचारायचं. त्यातले बरेच जण देतात.